वरणातले थेंब

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, देशानं परदेशी मालासाठी दारं सताड उघडली त्या काळात, हैदराबादेत तारनाक्याजवळच्या एका दोन खोल्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये डोक्यावरच्या औषधाची एक ऐतिहासिक चाचणी पार पडली. मुख्य संशोधिका माझी आई. शिक्षण सातवी, पास की नापास याबद्दल तिच्या माहेरी अजून मतभेद आहेत. उपकरणं म्हणजे एक पळी, एक स्टीलची वाटी आणि हळदीच्या डब्यामागे लपवलेली एक तपकिरी बाटली. प्रयोग झाला चार माणसांवर. त्यातल्या तिघांना काहीही आजार नव्हता. त्या तिघांपैकी एक मी.

हसा, हसा. लग्नाकार्यात पंगत उठल्यावर मी हे सांगायला लागले की लोक खुर्च्या ओढून जवळ येतात. मी आईची नक्कल करते, बाबांची करते, डोळे मिटून डुलकी काढून दाखवते. लोक पोट धरून हसतात. बरोबर तिथंच मी थांबते आणि कुणाला पान हवंय का विचारते. पुढचं आजवर सांगितलेलं नाही.

आजारी होता तो माझा दादा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. रेल्वेच्या एका कार्यालयात तो नकाशे काढायचा: पूल, मोऱ्या, फलाटांच्या शेडी. त्याची रेघ बघायला वरचे साहेब टेबलापाशी येऊन उभे राहायचे. घरी किराण्याची यादीसुद्धा तो अशा अक्षरात लिहायचा की दुकानदार म्हणायचा, "अम्मा, ये चिठ्ठी रख लूं?"

सव्विसाव्या वर्षी तो सांगायला लागला की त्याच्या स्टुलामागे दोन माणसं बसतात आणि त्याच्या नकाशातल्या चुका काढतात. आम्ही म्हटलं, ऑफिसात अशी माणसं असतातच. मग ती माणसं घरी यायला लागली. पंख्याच्या आवाजातून बोलायला लागली. मग एक दिवस त्यानं ताट सरकवलं आणि म्हणाला, "ह्यात काहीतरी घातलंय."

कुणीही काहीही घातलेलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा. त्या दिवशी त्या ताटात बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि वरण याशिवाय काहीही नव्हतं.

दादा घरचं जेवेनासा झाला. बंद पुड्यातली बिस्किटं, स्वतःच्या हातानं सोललेली केळी आणि उकडलेली अंडी एवढंच तो खायचा. ज्या स्वयंपाकघरात अंड्याचं नाव काढलं तरी आई तोंड धुऊन यायला सांगायची, तिथं ती स्वतः पदर नाकाला लावून अंडी उकडायची. बाबांनी विचारलं, "अंडंच काहून रे?" दादा म्हणाला, "अंडं उघडून परत कुणाला बंद करता येत नाही." बाबांनी यावर बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. त्यात चूक कुठं काढणार?

नातेवाईक म्हणाले, बाहेरचं आहे. मोठ्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. दादानं त्या मोरीत टाकल्या. तेव्हा बाबा एकटेच मलकपेठला एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेले. रेसकोर्सवर पैसे घालवून डोकं फिरलेली माणसं बघण्यात ज्याचा जन्म गेला असा तो डॉक्टर. त्यानं तपकिरी बाटली दिली. "चव नहीं, वास नहीं, रंग नहीं," तो म्हणाला. "सुबह-शाम दाल में डालो. बच्चे कू बोलो नक्को."

म्हणजे बघा कसं झालं. दादाला संशय आधी आला, आणि आम्ही मागून जाऊन तो खरा केला.

एक अडचण होती. दादा घरचं जेवायला राजी झाला, पण एका अटीवर: सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खायचं, आणि वाढायचं त्याच्यासमोर. आईनं रात्रभर विचार केला. सकाळी तिनं वरणाच्या अख्ख्या पातेल्यात चौघांच्या हिशेबानं थेंब टाकले, म्हणजे दादाच्या वाट्याला त्याचे त्याचे येतील. सांगितलं फक्त बाबांना. माझं वय कॉलेजचं, माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असं तिचं मत. ते बरोबर होतं.

दहा दिवस आमच्या अख्ख्या कुटुंबावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालले.

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून; ते तिथल्या पावत्यांवर डोकं ठेवून झोपू लागले. त्यांच्या साहेबानं विचारलं, "घर में सब खैरियत?" आई कुकरच्या शिट्ट्या मोजताना मध्येच थांबायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची, त्यामुळे भाताचा लगदा व्हायचा. शेजारच्या तेलुगू अक्का कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या घरात हल्ली किती शांतता असते! सगळे गोड झालात." मी त्या वर्षी सगळ्या हैदराबादेसारखी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. थंडगार खोली, बाहेर चपला काढायच्या, दोघींत एक मशीन. आणि माझे पाय जागेवर ठरेनात. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की बसावंसं. सर म्हणाले, "मॅडम, बाथरूम उधर है."

इथवर मी लग्नात सांगते.

जे सांगत नाही ते असं. ते दहा दिवस आतून कसे होते, हे मला अजून आठवतं. पायांच्या आत, हाडाच्याही आत काहीतरी वळवळायचं आणि खाजवायला जागा सापडायची नाही. त्याच वेळी डोक्यात कुणीतरी पंख्याचा रेग्युलेटर एकवर आणून ठेवला होता. मैत्रीण विनोद सांगायची. विनोद आहे हे मला कळायचं, पण हसू यायला खूप लांबून निघायचं आणि पोचायचंच नाही. तोंड कोरडं. मान जड. मला वाटलं, मला दादाचा आजार लागला. मी मोरीत बसून रडायचा प्रयत्न केला, तर तेही जमेना.

अकराव्या दिवशी मी आईला म्हटलं, "मलाबी तसंच होऊ लागलंय." आईनं माझ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि बाटली दाखवली. त्या दिवसापासून तिनं युक्ती बदलली. थेंब दादाच्या वाटीच्या तळाशी आधीच टाकून ठेवायचे आणि वर त्याच्यासमोर वरण वाढायचं. आम्ही तिघं बरे झालो. आई-बाबांना नुसती गुंगी आली होती; त्या थेंबांनी आतून काय होतं, हे घरात दादाखेरीज फक्त मला माहीत होतं.

आणि औषधाचा गुण आला, हे नाकारता येणार नाही. महिन्याभरात ती दोन माणसं स्टुलामागून उठली. पहिल्यांदा दाराशी गेली, मग जिन्यात. "आता खाली रस्त्यावरून बोलतात," दादा म्हणाला. "नीट ऐकू येत नाही." तो झोपायला लागला, दाढी करायला लागला. तरी प्रत्येक जेवणाला वाटी उचलून तिरपी करून बघायचा. "तळाशी ओलं असतं," म्हणायचा. "रोज."

"धुतलेली वाटी ओली नसेल तर काय कोरडी असेल?" आई म्हणायची.

तेवढ्यात ऑफिसचं पत्र आलं. पगारी रजा संपत आली होती, पुढं वर्षभराची बिनपगारी मिळणार होती. तेवढ्या मुदतीत मोठ्या हॉस्पिटलातून कामाला लायक असल्याचा कागद आणला तर टेबल परत मिळेल, नाहीतर कायमची सुट्टी. दादानं ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि दिवसातून चार वेळा काढून वाचू लागला. त्याला दुसरं काही नको होतं. बायको नको, पैसे नकोत. नकाशे काढायचं ते तिरपं टेबल हवं होतं.

मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण, तेलुगू, पण शिकायला मराठवाड्यात राहिलेले, त्यामुळे मराठी सगळं समजायचं. त्यांच्याकडे तेव्हा एका नव्या गोळीची पारख चालू होती. नवी गोळी जुन्या औषधापेक्षा खरंच चांगली का, हे बघायचं होतं. काही रोग्यांना नवी मिळायची, काहींना जुनी. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. "कुणाला कुठली, हे मलाही माहीत नाही," डॉक्टरांनी दादाला सांगितलं. "सहा महिने दर पंधरा दिवसांनी मी प्रश्न विचारणार आणि प्रत्येक उत्तराला एक ते सातमधला आकडा देणार. एक म्हणजे बरं. ते झालं की दाखल्याचं बघू. आधीचं सगळं औषध बंद पाहिजे. बघा, तुमची मर्जी."

तुमची मर्जी! दादा ताठ बसला. वर्षभरात त्याला कुणी हा शब्द वापरला नव्हता. त्यानं कागद वाचला, दोनदा वाचला आणि आपल्या त्या सुंदर अक्षरात सही केली. बाटलीचं सील त्यानं स्वतः तोडलं. घरी नळाचं पाणी स्वतः भरून घ्यायचा, गोळी जिभेवर ठेवायचा आणि कुणी सांगितलं नसताना तोंड उघडून दाखवायचा. मोरीत एकही गेली नाही.

"आधीचं काही चालू नाही ना, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

दादा शेजारीच बसलेला. तो आम्हाला डॉक्टरशी एकट्यानं कधीच बोलू द्यायचा नाही. आई म्हणाली, "कायबी नाही, साहेब."

मला वाटलं, आता ती बाटली जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आई हळदीच्या डब्यामागे हात घालत होती.

"आई! बंद करायला सांगितलंय."

"त्या गोळीत काय हाय?"

"औषध."

"कोणतं?"

"ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे तशीच पद्धत आहे."

"डाक्टरलाच माहीत नाही," आई म्हणाली, "त्याच्या भरवशावर मी माझं पोर सोडू? उद्या त्यात नुसता खडू निघाला आन् ती दोघं परत जिन्यातून वर आली, तर तू येणार हायस का अंडी उकडायला?"

तिच्या हातचं मीठ कधी चुकलं नव्हतं. तिनं आयुष्यभर सगळं अंदाजानं घातलं होतं आणि सगळं बरोबर निघालं होतं.

दोन महिन्यांत दादा लाकडाचा झाला. चालताना हात हलेनात. पावलं घासत टाकायचा, वळायचं असलं की अख्खा वळायचा, कपाट सरकवल्यासारखा. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची आणि ती पुसायचं त्याच्या लक्षात यायचं नाही. चेहऱ्यावर काहीच उमटत नसे. डॉक्टर त्याचं मनगट धरून वाकवून बघायचे, आणि ते दातेरी चाकासारखं टप्प्याटप्प्यानं वाकायचं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "एवढ्या गोळीनं इतकं व्हायला नको," ते स्वतःशीच म्हणायचे आणि लिहून घ्यायचे. कडकपणावर वेगळी गोळी द्यायचे. मग प्रश्न सुरू. आवाज येतात? कमी. झोप? चांगली. "आणि घरचे खाण्यात काही घालतात असं वाटतं का?"

"हो," दादा म्हणायचा. "वाटीत."

डॉक्टर सहा लिहायचे. आई, बाबा आणि मी तिघंही जमिनीवरच्या ठिपक्यांच्या फरशीकडे बघत असायचो. दर पंधरा दिवसांनी दादा खरं बोलायचा आणि दर पंधरा दिवसांनी त्याला त्याबद्दल सहा मिळायचे.

एका दुपारी त्यानं किराण्याची यादी केली. पहिली ओळ ठीक होती. पुढं अक्षर लहान होत गेलं, आणि शेवटची साखर मुंगीएवढी. तो कागदाकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "मी मोठंच काढतोय. ते लहान येतंय."

त्या दिवशी आई देवळात गेल्यावर मी तपकिरी बाटली काढली. मोरीपाशी उभी राहिले. थेंब ओतून द्यायचे आणि पाणी भरून ठेवायचं, कुणाला कळणार नव्हतं. पाय आतून वळवळणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तो लाकूड होऊन बसलेला दिसतो, पण आत त्याचे पाय धावत असतील, हेही मला माहीत होतं. मी झाकण उघडलं. मग जिन्यातली ती दोन माणसं आठवली. ताट सरकवणारा दादा आठवला. त्यांना खाली रस्त्यावर कुणी धरून ठेवलं होतं, गोळीनं की थेंबांनी? मला माहीत नव्हतं, आईला माहीत नव्हतं, डॉक्टरला तर अर्धंच माहीत होतं. मी झाकण लावून बाटली जागेवर ठेवली. भ्याले, दुसरं काही नाही.

शेवटच्या तपासणीची वेळ आली. त्या दिवशी दोन मोठे डॉक्टरही बसणार होते. हा एक कागद झाला की लायक असल्याचा दाखला देतो, असं डॉक्टर म्हणाले होते, फक्त तो खाण्याचा आकडा खाली यायला हवा. बाबांनी हे पकडलं. सकाळी दादाला त्याचा ऑफिसचा पांढरा शर्ट घालून खाटेवर बसवलं आणि मुलाखतीची तयारी करून घ्यावी तसं सुरू केलं.

"खाण्यात काही घालतात का म्हणून विचारतील. काय म्हणशील?"

"वाटीत."

"नाही म्हणायचं. ते एवढं एक नाही म्हटलंस की टेबल तुझं. उद्या जाऊन बस."

दादाला शब्द काढायलाही वेळ लागायचा. मग म्हणाला, "पण खरंच घालत नाही ना, बाबा?"

बाबांनी जन्मात मालाच्या पावतीत एक किलो इकडचा तिकडं केला नव्हता. ते म्हणाले, "नाही रे."

दादा अख्खा माझ्याकडे वळला. "तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"काहीतरीच काय, दादा," मी म्हणाले. मी हसलेसुद्धा. मला हसून बोलायची सवय आहे. "कोण घालेल?"

त्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, त्यामुळे त्याला काय वाटलं ते मला कळलं नाही. एवढंच दिसलं की त्यानं ऑफिसचं पत्र खिशातून काढलं, न वाचता परत ठेवलं, आणि मग ओठ हलवत तो पाठ करू लागला.

हॉस्पिटलात टेबलाच्या एका बाजूला तिघं डॉक्टर आणि त्यांच्या मागं औषध कंपनीचा एक टायवाला माणूस होता. दुसऱ्या बाजूला दादा, आणि भिंतीलगत बाकावर आम्ही. प्रश्न भराभर झाले. आवाज नाहीत. झोप आहे. आजचा वार सांगितला, शंभरातून सात सात वजा करून दाखवले, तेवढं तो लाकूड असतानाही कुणाहीपेक्षा बरं करायचा. टायवाला माणूस खूश दिसत होता.

"शेवटचा," आमचे डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही तो दाखला द्यायचाच होता, ते दिसत होतं. "घरचे खाण्यात काही घालतात असं वाटतं का?"

"नाही," दादा म्हणाला.

बाबांनी श्वास सोडला.

"पूर्वी वाटायचं?"

"वाटायचं. रोज वाटायचं. वाटीच्या तळाशी ओलं दिसायचं. तो माझा आजार होता." शब्द एकेक करून येत होते, पाठ केलेले होते. मग तो थांबला, आणि पुढचं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. "मी आईवर संशय घेतला. आई असं कधीच करणार नाही."

डॉक्टरांचं पेन एकच्या चौकटीवर टेकलं. मोठ्या दोघांपैकी एकानं समाधानानं मान डोलावली. माझ्या शेजारी आई उभी राहिली. बाबांनी तिच्या पदराला धरलं, तो तिनं सोडवून घेतला. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, आमच्याकडे तर नव्हतीच. आणि हैदराबादच्या त्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात, चौघा शिकल्यासवरल्या माणसांसमोर, ती ओरडली:

"घालते की रे, लेकरा! मीच घालते, रोज घालते! तुला काय बी झालेलं नाही, मी घालते!"